थायलंडमध्ये हत्ती पाहायला जायचे आहे. जागा कशी पारखावी?

प्रश्न : दोन मुलांची आई, जळगाव

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब थायलंडला जाणार आहोत. बरोबर सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहेत. सहल कंपनीने बँकॉक आणि चिआंग माई असा कार्यक्रम आखून दिला असून चिआंग माईमधला एक पूर्ण दिवस हत्तींसाठी राखला आहे. पत्रकात त्या जागेला ‘एलिफंट सँक्चुअरी’ असे म्हटले आहे. मात्र त्याच्या खालीच हौद्यात बसून जंगलफेरी, सोंडेत कुंचला धरून चित्र काढणाऱ्या हत्तीचा खेळ आणि शेवटी नदीत हत्तीला अंघोळ, असे तीन कार्यक्रम ओळीने दिले आहेत. मुलीने ते वाचले आणि आपण हत्तीवर बसणार नाही, असे जाहीर करून टाकले. तेव्हापासून जेवताना रोज हाच विषय निघतो.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या लेखी हत्ती म्हणजे साक्षात गजानन, आणि एवढ्या लांब जाऊन त्याच्या पायाला हात लावायचा नाही, त्याला केळे भरवायचे नाही, तर मग लांबून पाहायला दूरदर्शन काय वाईट आहे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. यजमानांना पैसे वाया जाण्याची चिंता अधिक आहे.

हत्तींना खरोखर नीट वागवणारी जागा आणि नुसती तशी पाटी लावलेली जागा यांतला फरक इथे बसून कसा ओळखावा, आणि तशा जागी गेल्यावर दिवसभर नेमके काय पाहायला मिळते, हे जाऊन आलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

ताई, आपल्या पत्रकातच अर्धे उत्तर आहे. फेरी, चित्रकला आणि अंघोळ हे तिन्ही एकाच आवारात मिळत असेल, तर त्या हत्तींचा दिवस पर्यटकांच्या घड्याळावर चालतो, एवढे निश्चित समजावे. पाटीवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण थायलंडमध्ये पाळीव हत्ती आजही १९३९ सालच्या ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या कायद्याखाली येतात, म्हणजे मालकी हक्काच्या दृष्टीने त्यांची गणना बैल-रेड्यांबरोबर होते. जंगली हत्तींचा कायदा निराळा आहे. त्यामुळे कुणीही आपल्या छावणीला हवे ते नाव देऊ शकतो.

हे हत्ती पर्यटनात आले कसे, हेही मुलीला सांगण्यासारखे आहे. पूर्वी ते सागवानाचे ओंडके ओढत असत. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये भयंकर पूर आले, डोंगरांवरून चिखलाबरोबर तोडलेली लाकडे गावांवर कोसळली, शेकडो माणसे गेली, आणि त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारने जंगलातील व्यावसायिक वृक्षतोड बंद केली. निर्णय जंगलाच्या हिताचा होता, पण त्याने हत्ती आणि माहूत एकदमच बेकार झाले. काही जण बँकॉकच्या रस्त्यांवर हत्ती घेऊन भीक मागत फिरू लागले आणि बाकीचे पर्यटकांच्या छावण्यांत गेले. आपल्या पत्रकातला ‘हत्ती दिवस’ हा त्या बेकारीचाच पुढचा अध्याय आहे.

आम्ही उभयता चिआंग माईच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर, मे तेंग खोऱ्यातल्या एलिफंट नेचर पार्कमध्ये गेलो होतो. लेक चायलर्ट या बाईंनी उभारलेले ते ठिकाण आहे. फेरी नाही, खेळ नाही, आणि पूर्वी पाहुण्यांना हत्तींबरोबर नदीत उतरू देत असत तेही आता बंद आहे. हत्ती पुढे, माणसे मागे किंवा कठड्याच्या अलीकडे, असा तिथला रिवाज आहे. सुरुवातीला सौ. जरा हिरमुसल्या होत्या, हे कबूल करतो. परंतु एक म्हातारी हत्तीण आमच्यापासून वीसेक पावलांवर केळीचे खोड सोलत होती, ते पाहताना त्या जागच्या हलल्या नाहीत. हत्तिणीने पुढचा पाय खोडावर ठेवून ते दाबून धरले, सोंडेच्या टोकाने सोपटे एकेक करून ओढली, आतला पांढरा गाभा मोडून तोंडात टाकला, आणि एक लांब सोपट मात्र खाली न टाकता सोंडेत धरून पोटावरच्या माशा हाकलत राहिली. माशा गेल्यावर तेही खाऊन टाकले. बाकी त्या दिवसात फारसे काही ‘घडले’ असे म्हणता येणार नाही. हत्ती चरत होते, धूळ उडवत होते, खांबाला पाठ घाशीत होते, आणि दोन हत्तिणी एकमेकींची पाठ सोडत नव्हत्या.

जेवण शाकाहारी होते आणि भरपूर होते. थायलंडमध्ये आपल्यासारख्या माणसाला ही गोष्ट हत्तींइतकीच महत्त्वाची वाटते. शेंगदाण्याची चटणी मात्र बरोबर असू द्यावी.

उत्तर २ : केळी उत्पादक, रावेर

भुसावळकर काकांनी केळीच्या खोडाचे वर्णन केले म्हणून लिहावेसे वाटले. घड कापल्यावर आमच्याकडे खोडे बांधावर पडून कुजतात, आणि तिथे त्यांची गिऱ्हाइके एवढी मोठी आहेत, हे वाचून गंमत वाटली.

परंतु दोन शंका प्रामाणिकपणे विचारतो. आम्ही बैलाच्या नाकात वेसण घालतो, औताला जुंपतो, वेळप्रसंगी पराणीही टोचतो, आणि पोळ्याला त्याच बैलाची पूजा करून पुरणपोळी खाऊ घालतो. आम्हांला कुणी निर्दय म्हणत नाही. मग हत्तीवर चार माणसे बसली तर एवढा गहजब का? दुसरे असे की, हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो असे ऐकतो. फेरी बंद, खेळ बंद, अंघोळ बंद. मग त्या जनावराचे पोट कोण भरणार? माहूत हाही शेवटी कुणाचा तरी सालदारच असतो. त्याच्या घरची चूल शहरातल्या माणसांच्या हळव्या मनावर चालत नाही.

उत्तर ३ : पशुवैद्यक, धुळे

रावेरच्या भाऊंचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही.

बैल हजारो वर्षे माणसाने निवडून, पैदास करून घडवलेला प्राणी आहे. त्याचा स्वभाव, त्याची अंगकाठी आणि त्याची खांद्यावर जू घेण्याची क्षमता या सगळ्यांत ती निवड मुरलेली आहे. हत्तीच्या बाबतीत असे कधीच झाले नाही. हत्तीण १८ ते २२ महिने गाभण राहते आणि पिल्लू वयात यायला दहा-बारा वर्षे घेते, म्हणून पिढ्यान् पिढ्या पैदास करण्यापेक्षा जंगलातून पिल्लू धरून आणणे माणसाला नेहमीच सोपे वाटत आले. याचा अर्थ, छावणीतला हत्ती माणसाळलेला असला तरी रक्ताने जंगलीच असतो, आणि म्हणूनच त्याला माणसाच्या हुकमात आणण्यासाठी लहानपणीच मोडावे लागते. थायलंडमध्ये या पद्धतीला ‘फाजान’ म्हणतात. पिल्लाला आईपासून तोडून लाकडांच्या अरुंद चौकटीत बांधून ठेवतात, उपाशी ठेवतात, झोपू देत नाहीत आणि अंकुशाने टोचत राहतात, ते प्रतिकार सोडून देईपर्यंत. वेसण टोचण्याची वेदना मी नाकारत नाही, पण या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

पाठीचा मुद्दा निव्वळ शरीररचनेचा आहे. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहणाऱ्याला तो लगेच समजेल. हत्तीच्या मणक्यांची हाडे वरच्या बाजूला उंच निघालेली असतात आणि त्यांच्यावर आवरण म्हणून फारसे काही नसते, त्यामुळे लोखंडी किंवा लाकडी हौद्याचे वजन तिथेच टेकते. दोन पर्यटक, हौदा आणि मानेवर माहूत, अशा दिवसभरातल्या फेऱ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या की पाठीवर जखमा, गळवे आणि कण्याचा बाक येतो. पण बंदिवासातल्या हत्तींचे सर्वांत मोठे दुखणे पाठीचे नसून पायांचे असते. काँक्रीटवर, स्वतःच्याच लघवीच्या ओलीत, आखूड साखळीला तासन् तास उभे राहिल्याने तळवे चिरतात, नखांशी पू धरतो आणि तो संसर्ग हाडापर्यंत जातो.

म्हणून ताई, कोणत्याही छावणीची छायाचित्रे पाहताना सोंडेकडे पाहू नका, पायांकडे पाहा. जमीन मातीची आहे की सिमेंटची, घोट्याशी साखळीचे वळ आहेत का, नखे कशी आहेत, एवढे पुरते. चित्रफीत मिळाली तर एकाच जागी उभे राहून हत्ती एका लयीत डोलत आहे का, तेही पाहावे. लोक त्याला ‘हत्ती नाचतो आहे’ म्हणतात. तो कोंडलेल्या प्राण्याचा मानसिक विकार आहे. चित्र काढणाऱ्या हत्तीजवळ माहूत कुठे उभा असतो, याकडेही मुलीचे लक्ष वेधा. तो कानाशी खेटून उभा असतो आणि कान ओढून, दाबून कुंचल्याची दिशा ठरवतो.

अंघोळीबद्दल बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण पाण्यात तर हत्ती खूश दिसतो. तो स्वतःहून पाण्यात उतरतो तेव्हा खूशच असतो. परंतु हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगावरचा चिखल आणि धूळ हेच त्याचे ऊन आणि किडे यांपासून संरक्षण असते, आणि ते दर तासाला नव्या गटाने ब्रश घेऊन घासून काढले तर कातडीचे नुकसान होते. शिवाय इतक्या अनोळखी माणसांना शांतपणे अंगाला झोंबू देणारा हत्ती, हा अंकुशाच्या धाकानेच तयार होतो. आणि तोही नेहमी शांत राहतोच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या याओ याई बेटावर हत्तिणीला अंघोळ घालत असताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. बरोबर लहान मुलगा आणि सासूबाई आहेत, हे लक्षात घेऊन तरी तो कार्यक्रम वगळावा. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो, हेही ओघाने सांगून ठेवतो.

आता पोटाचा प्रश्न. फेरी नसलेल्या जागाही तिकीट घेतातच, आणि बहुधा फेरीवाल्या छावणीपेक्षा महाग घेतात. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झाले तेव्हा दोन्ही प्रकारच्या छावण्यांचे हाल झाले आणि अनेक माहूत हत्तींसह चालत आपापल्या डोंगरातल्या गावी परतले. तेव्हा पैसा पर्यटकाचाच आहे; तो पैसा कोणत्या कामाला मोबदला देतो, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. भाऊंचा सालदाराचा मुद्दा मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगल्या जागी माहुताला पगार, राहायला घर आणि आपल्याच हत्तीबरोबर राहण्याची मुभा असते. त्यामुळे चौकशी करताना माहुतांबद्दल जरूर विचारावे. जिथे हत्तींची नावे, वये आणि पूर्वकथा तोंडपाठ सांगतात पण माहुताचे नावही सांगता येत नाही, तिथे काहीतरी कमी आहे.

उत्तर ४ : शिक्षिका, अमळनेर

डॉक्टरांनी लिहिलेल्यात एका गोष्टीची भर घालते. ‘आमच्याकडे गोंडस पिल्ले आहेत’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. वाचवून आणलेले हत्ती बहुतेक म्हातारे, लंगडे, अंध किंवा थकलेले असतात; दरवर्षी नवे पिल्लू कुठून येते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एकतर तिथे पर्यटकांसाठी पैदास चालते, किंवा पिल्लू भाड्याने आणलेले असते. हत्ती विकत घेऊन ‘सोडवणाऱ्या’ संस्थांबाबतही एक अडचण राहतेच, कारण म्हाताऱ्या हत्तिणीचे लाखो रुपये हातात आलेला मालक त्याच पैशांत तरुण हत्ती घेऊ शकतो. म्हणून काही जागा मालकाकडून हत्ती दीर्घ कराराने घेतात आणि त्याला उत्पन्न चालू ठेवतात. यात सोळा आणे शुद्ध असे कुणीच नाही.

ताईंचे तिकीट अजून निघाले नसेल, तर श्रीलंकेचाही विचार करावा. तिथे दोन अगदी उलट जागा आहेत. पिन्नवला येथील हत्तींचे अनाथालय १९७५ साली सुरू झाले, ते जगप्रसिद्ध आहे, आणि महा ओया नदीत अंघोळीला जाणाऱ्या कळपाची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण तिथे आलेले हत्ती तिथेच राहतात, साखळ्याही आहेत. उडवलवे येथे १९९५ पासून वन्यजीव खात्याचे जे केंद्र आहे, त्याचा हेतूच पिल्लांना मोठे करून परत जंगलात सोडण्याचा आहे आणि आजवर शंभरावर हत्ती सोडलेही आहेत. तिथे पाहुण्याने ठरलेल्या वेळी जाऊन दूरच्या मंचावर उभे राहायचे, पिल्ले एकापाठोपाठ धावत येऊन नळीने दूध पितात ते पाहायचे, आणि निघायचे. हात लावण्याचा प्रश्नच येत नाही, कारण माणसाची सवय लागलेले पिल्लू जंगलात टिकणार नाही. शेजारच्याच राष्ट्रीय उद्यानात जीपमधून जंगली कळप दिसतात.

आणि परदेशच हवा असा आग्रह नसेल, तर आपल्या पंजाब मेलने मथुरेला उतरावे. तिथे वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे केंद्र २०१० पासून आहे आणि २०१८ मध्ये हत्तींसाठी रुग्णालयही झाले. लग्नाच्या वरातींत, भीक मागण्यात आणि सर्कशीत आयुष्य गेलेले हत्ती तिथे आहेत. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.

सासूबाईंच्या श्रद्धेबद्दल हलकेपणाने बोलू नये, असे मला वाटते. २०२५ मध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला नेली, तेव्हा कोल्हापूर भागातली हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नव्हते आणि तिच्या पायांच्या दुखण्याबद्दलचे अहवालही कुणी गंमत म्हणून लिहिलेले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या घरातल्या वादातही उपयोगी पडेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. माहूत कान ओढून चित्र काढून घेतो, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मग ते चित्र माहुताचंच झालं की.” फेरी आणि खेळ यांवर त्यांनी स्वतःच फुली मारली आहे. केळे भरवण्याची इच्छा मात्र कायम आहे.

विमानाची तिकिटे निघालेली असल्याने थायलंडच ठरले. सहल कंपनीने ‘हत्ती दिवस’ वगळता येईल, पण त्याचे पैसे परत मिळणार नाहीत, असे सांगितले. यजमानांनी एक दिवस तोंड पाडले आणि मग होकार दिला. आता प्रश्न असा की, स्वतः आरक्षण करताना त्या लोकांना नेमके काय लिहून विचारावे, आणि सासूबाईंना चालणे कितपत पडेल?

उत्तर ५ : निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

ताई, ई-मेल साध्या इंग्रजीत, चार ओळींचा पाठवावा. पाहुण्यांना हत्तीवर बसू देता का किंवा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरवता का. हत्ती रात्री साखळीला असतात की आवारात मोकळे. एका दिवशी किती माणसे घेता. आणि माहुतांना कामावर ठेवण्याची पद्धत काय, एवढे विचारावे. चांगल्या जागा सविस्तर उत्तर देतात आणि कुठे साखळी वापरावी लागते, कशासाठी, हेही लपवत नाहीत, कारण माजावर आलेल्या नराला मोकळे सोडणे कुणालाच परवडत नाही. ‘काळजी करू नका, आमचे हत्ती आनंदी आहेत’ एवढेच उत्तर आले, तर दुसरी जागा पाहावी.

केळे भरवण्याबाबतही त्याच पत्रात विचारून घ्या. काही ठिकाणी कठड्याच्या अलीकडून टोपलीतले फळ हत्तीच्या सोंडेत देऊ देतात, काही ठिकाणी तेही बंद केले आहे. चारा त्यांचाच असतो. घरून काही नेऊ नये, देवाचा नारळ तर मुळीच नाही.

चालणे फार नाही, परंतु ऊन आणि चिखल दोन्ही असतात. दिवाळी लवकर आली तर पावसाची शेवटची सर लागू शकते, म्हणून सासूबाईंसाठी घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे घ्यावीत. आपण उन्हाळ्याची सुट्टी निवडली नाही, हे उत्तम झाले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्या भागात शेते आणि डोंगर जाळतात आणि चिआंग माईवर धुराचा थर बसतो. शहरातून न्यायला-आणायला त्यांचीच गाडी येते आणि तिचे भाडे बहुधा शुल्कातच असते, तेवढेही पत्रात पक्के करून घ्यावे.

उत्तर ६ : केळी उत्पादक, रावेर

डॉक्टरसाहेब, बैल आणि हत्ती यांच्यातला फरक पटला. पराणीबद्दल घरात अजून वाद चालू आहे. ताई, परत आल्यावर एवढे मात्र कळवा की तिथे हत्तीला केळीची कोणती जात घालतात, आणि खोड ताजे असते की चार दिवसांचे.